दोगेन

दोगेन (इ.स. १२०० – इ.स. १२५३) हे जपानमधील बौद्ध भिक्खू, तत्त्वचिंतक आणि ग्रंथकार होते. एइहेइ दोगेन आणि दोगेन किगेन या नावांनीही ते ओळखले जातात. चीनमधील त्साओदोंग ही ध्यानपरंपरा त्यांनी जपानमध्ये नेली. जपानमध्ये ती सोतो झेन या नावाने प्रसिद्ध आहे आणि तेथील झेन पंथाच्या प्रमुख शाखांपैकी एक मानली जाते. सध्याच्या फुकुई प्रांतातील एइहेइ-जी या मठाचे ते संस्थापक होत. 'शोबोगेन्झो' हा त्यांचा प्रमुख ग्रंथ आहे.

नवशिक्यांना ध्यानाला कसे बसावे हे सांगणारी 'फुकान झाझेनगी' ही त्यांची छोटी पुस्तिका आजही सोतो झेन मठांमध्ये नित्य पठणात असते. ध्यान हे ज्ञानप्राप्तीचे केवळ साधन नसून ध्यानाला बसणे हेच ज्ञानाचे प्रकट रूप आहे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा आहे. किशोरवयात पडलेल्या एका प्रश्नाचे उत्तर शोधताना ते या निष्कर्षापर्यंत पोहोचले.

पार्श्वभूमी

'झेन' हा शब्द मूळ संस्कृत 'ध्यान' या शब्दापासून आला आहे. बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचल्यावर 'ध्यान' या शब्दाचे चिनी उच्चारात 'छान' झाले आणि त्याच शब्दाचा जपानी उच्चार 'झेन' असा होतो. 'झा' म्हणजे बसणे. म्हणून 'झाझेन' म्हणजे बसून केलेले ध्यान. भारतातून चीनमध्ये गेलेले बोधिधर्म हे या पंथाचे चीनमधील आद्य गुरू मानले जातात.

दोगेन यांचा जन्म झाला तेव्हा जपानमध्ये मोठे सत्तांतर झाले होते. क्योतो येथे सम्राटाचा दरबार होता. परंतु खरी सत्ता कामाकुरा येथील लष्करी राजवटीच्या हाती गेली होती. त्याआधीच्या काही दशकांत राजधानीने आगी, भूकंप, दुष्काळ आणि युद्धे पाहिली होती. कामो नो चोमेइ यांच्या १२१२ मधील 'होजोकी' या प्रसिद्ध लेखनात या आपत्तींचे वर्णन आहे. बुद्धांची शिकवण क्षीण होण्याचा काळ १०५२ मध्ये सुरू झाला असून या काळात स्वतःच्या प्रयत्नाने मुक्ती मिळणे अशक्यप्राय आहे, अशी समजूत तेव्हा सर्वत्र पसरली होती.

क्योतोच्या ईशान्येस असलेल्या हिएइ पर्वतावरील एन्र्याकु-जी हे तेंदाई पंथाचे पीठ त्या काळी धार्मिक विद्येचे सर्वांत मोठे केंद्र होते. होनेन, शिनरान, एइसाई, दोगेन आणि निचिरेन या कामाकुरा काळातील धर्मसुधारकांनी आपल्या आयुष्याचा काही काळ या पर्वतावर शिक्षण घेतले आणि पुढे तो सोडून आपापला मार्ग निवडला.

जन्म आणि बालपण

दोगेन यांचा जन्म क्योतो येथे एका उच्च दरबारी घराण्यात झाला. त्यांचे पितृकुल मिनामोतो वंशाच्या कोगा शाखेचे होते. मिनामोतो नो मिचिचिका हे त्यांचे वडील होते असे परंपरा मानते; मिचिचिका यांचे पुत्र मिचितोमो हे वडील असावेत, असे काही आधुनिक अभ्यासकांचे मत आहे. त्यांची आई फुजिवारा या प्रतिष्ठित घराण्यातील होती, असे सांगितले जाते.

मिचिचिका यांचा मृत्यू १२०२ मध्ये झाला. त्यानंतर काही वर्षांनी, दोगेन साधारण सात वर्षांचे असताना, आईचेही निधन झाले. चरित्रग्रंथांनुसार, अंत्यविधीच्या वेळी जळत्या उदबत्तीचा धूर वर जाऊन विरताना पाहून या मुलाच्या मनावर अनित्यतेचा खोल ठसा उमटला. आपण भिक्खू व्हावे अशी आईची अंतिम इच्छा होती, असेही परंपरा सांगते.

दरबारी घराण्यातील मुलांप्रमाणे त्यांना चिनी भाषा व साहित्याचे उत्तम शिक्षण मिळाले. गांधार देशातील आचार्य वसुबंधू यांच्या 'अभिधर्मकोश' या कठीण ग्रंथाचे चिनी भाषांतर त्यांनी नवव्या वर्षी वाचले, अशी आख्यायिका आहे. चिनी भाषेवरील या प्रभुत्वाचा उपयोग त्यांना पुढे चीनमध्ये आणि ग्रंथलेखनात झाला. आप्तांनी त्यांना दरबारातील कारकिर्दीसाठी तयार करण्याचा विचार केला होता. परंतु १२१२ मध्ये त्यांनी घर सोडले आणि हिएइ पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्या भिक्खू मामांकडे आश्रय घेतला. पुढील वर्षी तेंदाई पंथाचे प्रमुख कोएन यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली.

मूळ प्रश्न

तेंदाई पंथात त्या काळी 'होंगाकु', म्हणजे मूळचीच जागृती, हा विचार प्रबळ होता. या विचारानुसार प्रत्येक जीवात बुद्धत्व आरंभापासूनच असते. ते बाहेरून मिळवावे लागत नाही. हा सिद्धांत शिकत असताना किशोरवयीन दोगेन यांना एक शंका सतावू लागली. सर्व जीव मुळातच बुद्ध असतील, तर आजवरच्या सर्व बुद्धांनी आणि आचार्यांनी घरदार सोडून इतकी खडतर साधना का केली?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. सर्व काही आधीच पूर्ण असेल, तर साधनेला अर्थ उरत नाही. आणि साधनेनेच बुद्धत्व मिळत असेल, तर ते मुळात असते हे म्हणणे खोटे ठरते. ज्या मुलाने मृत्यूच्या दर्शनाने घर सोडले होते, त्याच्या दृष्टीने आपण निवडलेला मार्गच या उत्तरावर अवलंबून होता.

हिएइ पर्वतावर त्यांना समाधानकारक उत्तर मिळाले नाही. ओंजो-जी येथील विद्वान भिक्खू कोइन यांनीही स्वतः उत्तर न देता त्यांना झेन मार्गाकडे पाठवले, असे चरित्रकार लिहितात. जपानमध्ये झेनची रिन्झाई शाखा आणणारे एइसाई यांनी क्योतो येथे केन्निन-जी हा मठ स्थापला होता. एइसाई १२१५ मध्ये निवर्तले. त्यांची आणि दोगेन यांची प्रत्यक्ष भेट झाली होती की नाही, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. १२१७ पासून दोगेन यांनी केन्निन-जी येथे एइसाई यांचे शिष्य म्योझेन यांच्याकडे शिक्षण घेतले. म्योझेन यांच्याबद्दल त्यांच्या मनात आयुष्यभर आदर राहिला.

चीनचा प्रवास

१२२१ मध्ये निवृत्त सम्राट गो-तोबा यांनी कामाकुरा राजवटीविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्यात दरबाराचा पराभव झाला. या अस्थिर वातावरणात म्योझेन आणि दोगेन यांनी चीनला जाण्याची तयारी सुरू केली. निघण्याच्या सुमारास म्योझेन यांचे वृद्ध गुरू मरणासन्न झाले आणि त्यांनी शिष्याला आपल्या अखेरपर्यंत थांबण्याची विनंती केली. बहुतेक शिष्यांनी प्रवास पुढे ढकलावा असे सुचवले. आपण थांबल्याने गुरूंचा मृत्यू टळणार नाही, परंतु धर्माच्या शोधाची संधी मात्र निसटेल, असा विचार करून म्योझेन यांनी प्रवासाचाच निर्णय घेतला. दोगेन यांनी हा प्रसंग पुढे आपल्या शिष्यांना सांगितला होता.

१२२३ च्या वसंत ऋतूत ते जहाजाने निघाले आणि मिंगचौ, म्हणजे सध्याचे निंगबो, या बंदरात पोहोचले. दोगेन यांना पहिले सुमारे तीन महिने जहाजावरच काढावे लागले. चिनी मठांत प्रवेशासाठी भिक्षूंची पूर्ण दीक्षा आवश्यक होती. हिएइ पर्वतावर मात्र केवळ बोधिसत्त्वशीलांची दीक्षा दिली जात असे. हे या विलंबाचे कारण असावे, असे मानले जाते.

वृद्ध स्वयंपाक्याची भेट

जहाजावरील या मुक्कामातच दोगेन यांच्या विचारांना वळण देणारी घटना घडली. आयुवांग पर्वतावरील मठातील एक एकसष्ट वर्षांचा भिक्खू जपानी व्यापाऱ्यांकडून वाळवलेल्या अळंब्या विकत घेण्यासाठी जहाजावर आला. 'आयुवांग' हे सम्राट अशोकाचे चिनी नाव असून, अशोकाने पाठवलेले बुद्धांचे अवशेष तेथे आहेत या श्रद्धेमुळे हे ठिकाण प्रसिद्ध होते. हा भिक्खू त्या मठाचा 'तेन्झो', म्हणजे मुदपाकखान्याचा प्रमुख होता. दुसऱ्या दिवशी मठात विशेष भोजन द्यायचे असल्याने तो अनेक मैल पायी चालत आला होता.

दोगेन यांनी त्याला रात्री थांबण्याचा आग्रह केला. हे काम आपल्यावाचून नीट होणार नाही, असे सांगून त्याने नकार दिला. एवढ्या वयात ध्यान आणि ग्रंथांचे चिंतन सोडून स्वयंपाकाचे कष्ट कशासाठी, असे दोगेन यांनी विचारले. त्यावर तो वृद्ध हसला आणि या परदेशी तरुणाला साधना म्हणजे काय आणि अक्षर म्हणजे काय हे अद्याप कळलेले नाही, असे म्हणाला. अंधार पडत असल्याने तो लगेच परत निघाला. पुढे याच भिक्खूशी त्यांची पुन्हा भेट झाली आणि हा संवाद पूर्ण झाला.

त्यानंतर त्यांना त्यानतोंग मठातही असाच अनुभव आला. भर उन्हाळ्यात दुपारच्या वेळी तेथील वयोवृद्ध तेन्झो डोक्यावर टोपी नसताना तापलेल्या फरशीवर अन्नपदार्थ वाळवत होता. हे काम मदतनिसांकडून का करून घेत नाही, या प्रश्नावर दुसरा कोणी म्हणजे मी नव्हे, असे उत्तर मिळाले. ऊन उतरल्यावर का करत नाही, या प्रश्नावर मग कोणत्या वेळेची वाट पाहायची, असा उलट प्रश्न आला. ध्यानगृहाबाहेरचे काम हीदेखील साधनाच असते, हे या दोन स्वयंपाक्यांमुळे आपल्याला समजले, असे दोगेन यांनी पुढे नोंदवले आहे.

रुजिंग यांचे शिष्यत्व

दोगेन यांनी चीनमधील अनेक मठ पाहिले. तेथील अनेक गुरूंमध्ये त्यांना कीर्तीची आणि राजाश्रयाची ओढ दिसली आणि त्यांची निराशा झाली. जपानला परतण्याच्या विचारात असताना त्यानतोंग मठावर रुजिंग या त्साओदोंग परंपरेतील गुरूंची नेमणूक झाल्याचे त्यांना कळले. १२२५ च्या उन्हाळ्यात दोघांची प्रत्यक्ष भेट झाली.

रुजिंग यांची शिस्त कडक होती. त्यांच्या मठात रात्री उशिरापर्यंत ध्यान चाले आणि पहाटेपूर्वीच ते पुन्हा सुरू होई. डुलकी घेणाऱ्या भिक्खूंना ते रागावत, प्रसंगी पादत्राणाने मारतही. त्यांनी दोगेन यांना हवे तेव्हा भेटून शंका विचारण्याची खास परवानगी दिली होती. या संवादांची टिपणे 'होक्योकी' या नावाने प्रसिद्ध आहेत.

याच सुमारास, १२२५ मध्ये, म्योझेन यांचे त्यानतोंग मठातच आजाराने निधन झाले. मरणासन्न गुरूंना सोडून जे सत्य शोधायला ते आले होते, त्याचा शोध घेण्यास त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली.

परंपरेनुसार, त्या वर्षीच्या ध्यानसत्रात रुजिंग यांनी झोपलेल्या एका भिक्खूला खडसावताना ध्यान म्हणजे देह आणि मन गळून पडणे असे उद्गार काढले आणि ते ऐकताच शेजारी बसलेल्या दोगेन यांना जागृतीचा अनुभव आला. ही घटना याच स्वरूपात घडली का, याविषयी काही आधुनिक संशोधकांना शंका आहे. कारण दोगेन यांच्या लेखनात एका निर्णायक क्षणाचे असे वर्णन आढळत नाही. देह-मनाचे गळून पडणे ही संकल्पना मात्र त्यांच्या लेखनात वारंवार येते. रुजिंग यांनी त्यांना परंपरेच्या वारशाचे प्रमाणपत्र दिले.

जपानला पुनरागमन आणि 'फुकान झाझेनगी'

१२२७ मध्ये दोगेन जपानला परतले. चीनहून येणारे भिक्खू सहसा ग्रंथ, मूर्ती आणि पूजासाहित्य घेऊन येत. दोगेन मात्र रिकाम्या हातांनी परतले, असे परंपरेत म्हटले जाते. त्यांच्याजवळ म्योझेन यांचे अस्थी-अवशेष होते. ते त्यांनी जपानमधील शिष्येकडे सुपूर्त केले आणि त्याविषयी एक लहान टिपण लिहिले.

केन्निन-जी येथे राहून त्याच वर्षी त्यांनी 'फुकान झाझेनगी' लिहिली, असे मानले जाते. शीर्षकाचा अर्थ 'सर्वांना शिफारस केलेली झाझेनची पद्धत' असा होतो. १२३३ मध्ये त्यांनी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलेली तिची प्रत एइहेइ-जी येथे जतन केलेली असून तिला जपानच्या राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा आहे. आज पठणात असलेला पाठ मात्र त्यांनी नंतर सुधारलेला आहे. झोंगझे या चिनी भिक्खूंच्या ध्यानविषयक पुस्तिकेतील बराच मजकूर दोगेन यांनी घेतला होता, हे दोन्ही पाठांच्या तुलनेतून स्पष्ट झाले आहे. परंतु झोंगझे यांनी ध्यानाकडे मन शांत करण्याचे तंत्र म्हणून पाहिले होते. दोगेन यांना ही भूमिका अपुरी वाटली.

झाझेनची पद्धत

या पुस्तिकेतील सूचना साध्या आणि नेमक्या आहेत. ध्यानासाठी शांत खोली निवडावी आणि खाणेपिणे बेताचे ठेवावे. सर्व व्याप बाजूला सारावेत. चांगल्या-वाइटाचा, योग्य-अयोग्याचा निवाडा करू नये. बुद्ध होण्याची इच्छासुद्धा धरू नये.

जाड बैठक अंथरून तिच्यावर गोल उशी ठेवावी. पद्मासनात उजवे पाऊल डाव्या मांडीवर आणि डावे पाऊल उजव्या मांडीवर ठेवावे. अर्धपद्मासनात केवळ डावे पाऊल उजव्या मांडीवर ठेवावे. वस्त्रे सैल, पण नीटनेटकी असावीत. डाव्या पावलावर उजवा हात आणि त्याच्या तळव्यावर डावा हात उताणा ठेवून दोन्ही अंगठ्यांची टोके एकमेकांना हलकेच टेकवावीत.

शरीर ताठ ठेवावे. ते डावी-उजवीकडे किंवा पुढे-मागे झुकू देऊ नये. कान खांद्यांच्या आणि नाक बेंबीच्या रेषेत असावे. जीभ टाळूला लावून ओठ व दात मिटलेले ठेवावेत. डोळे नेहमी उघडे ठेवावेत आणि श्वास नाकाने सावकाश घ्यावा. बैठक जमल्यावर एकदा पूर्ण श्वास सोडून शरीर डावी-उजवीकडे झुलवावे आणि मग स्थिर बसावे. उठतानाही घाई न करता सावकाश उठावे.

मनाने काय करावे, या प्रश्नावर दोगेन यांनी एका जुन्या चिनी गुरूंच्या संवादाचा आधार घेतला आहे. येणारा विचार दाबायचा नाही आणि त्याच्यामागे जायचेही नाही. विचार आणि अविचार या दोहोंच्या पलीकडील अवस्थेत बसायचे, असा त्याचा आशय आहे. मन एकाग्र करण्यासाठी एखादी प्रतिमा, मंत्र किंवा कोडे वापरावे असे ते सांगत नाहीत. ध्यान म्हणजे पायरीपायरीने गाठायचे कौशल्य नव्हे, तर ते सुख आणि सहजतेचे द्वार आहे, असे त्यांनी म्हटले आहे. यासाठी बुद्धीची तीक्ष्णता किंवा मंदता महत्त्वाची नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले आहे. सोतो परंपरेत साधक भिंतीकडे तोंड करून बसतात.

कोशो-जी मठ

१२३० मध्ये दोगेन केन्निन-जी सोडून क्योतोच्या दक्षिणेस असलेल्या फुकाकुसा येथे राहू लागले. १२३१ मध्ये त्यांनी 'बेंदोवा' हा प्रश्नोत्तररूप निबंध जपानी भाषेत लिहिला. विद्वान भिक्खू त्या काळी चिनी भाषेत लिहीत. दोगेन यांनी आपले महत्त्वाचे लेखन जपानीत केले, हे त्यांचे वेगळेपण होय. क्षीण काळात साधना व्यर्थ आहे, ही प्रचलित समजूत त्यांनी या निबंधात नाकारली.

१२३३ मध्ये त्यांनी फुकाकुसा येथे मठ स्थापला. तो पुढे कोशो-जी या नावाने ओळखला गेला. चिनी धर्तीचे स्वतंत्र ध्यानगृह तेथे १२३६ मध्ये सुरू झाले. १२३४ मध्ये एजो हे भिक्खू त्यांचे शिष्य झाले. ते दोगेन यांच्यापेक्षा वयाने मोठे असूनही अखेरपर्यंत त्यांचे सहायक आणि लेखनिक राहिले. दोगेन यांची अनौपचारिक प्रवचने एजो यांनी लिहून ठेवली. ती 'शोबोगेन्झो झुइमोंकी' या नावाने प्रसिद्ध आहेत.

१२३७ मध्ये दोगेन यांनी 'तेन्झो क्योकुन' ही मुदपाकखान्याच्या प्रमुखासाठी मार्गदर्शिका लिहिली. तांदूळ कसे निवडावेत व धुवावेत, एक दाणाही वाया कसा जाऊ देऊ नये, भांडी जागच्या जागी कशी ठेवावीत, साध्या भाजीला हलके आणि उंची पदार्थाला थोर का मानू नये, अशा सूचना तिच्यात आहेत. चीनमध्ये भेटलेल्या त्या दोन स्वयंपाक्यांच्या हकिकतीही याच पुस्तिकेत आल्या आहेत.

एचिझेन येथे स्थलांतर

१२४३ मध्ये दोगेन यांनी कोशो-जी सोडला आणि शिष्यांसह ते जपान समुद्राच्या बाजूच्या डोंगराळ एचिझेन प्रांतात गेले. तेथील जमीनदार आणि त्यांचे अनुयायी हातानो योशिशिगे यांनी त्यांना जागा दिली. या स्थलांतराच्या कारणांविषयी मतभेद आहेत. हिएइ पर्वताचा वाढता विरोध, फुकाकुसाजवळच दरबारी आश्रयाने उभा राहिलेला तोफुकु-जी हा भव्य झेन मठ आणि राजधानीपासून दूर राहण्याचा रुजिंग यांचा उपदेश, अशी वेगवेगळी कारणे दिली जातात.

नवा मठ १२४४ मध्ये उभा राहिला. १२४६ मध्ये त्याला एइहेइ-जी, म्हणजे 'शाश्वत शांतीचा मठ', हे नाव देण्यात आले. दाट जंगल आणि हिवाळ्यातील प्रचंड बर्फ असलेल्या या ठिकाणी दोगेन यांनी मठजीवनाचे तपशीलवार नियम तयार केले. जेवणाचे पात्र कसे हाताळावे, तोंड कसे धुवावे, शौचालय कसे वापरावे, वाचनगृहात कसे वागावे, अशा बाबींवर त्यांनी स्वतंत्रपणे लिहिले आहे.

१२४७ मध्ये ते कामाकुरा येथे गेले आणि सत्ताधारी होजो तोकियोरी यांना त्यांनी उपदेश केला, असे सांगितले जाते. सुमारे अर्ध्या वर्षाने, १२४८ मध्ये, ते एइहेइ-जी येथे परतले आणि त्यानंतर बहुतांश काळ तेथेच राहिले.

विचार

साधना आणि साक्षात्कार एकच आहेत, हे दोगेन यांच्या विचारांचे मध्यवर्ती सूत्र आहे. किशोरवयातील प्रश्नात साधना हे कारण आणि बुद्धत्व हे फळ असे गृहीत धरले होते. दोगेन यांनी हे गृहीतकच सोडून दिले. बुद्धत्व प्रत्येकात आहे. परंतु साधनेवाचून ते प्रकट होत नाही. त्यामुळे नवशिक्याने पहिल्यांदा केलेले ध्यानही अपूर्ण नसते, आणि ज्ञानी पुरुषाची साधनाही कधी संपत नाही. बुद्धांनी ज्ञानप्राप्तीनंतरही ध्यान का केले, याचेही उत्तर त्यातच मिळते.

'बुद्धत्व' या प्रकरणात त्यांनी एका सूत्रवचनाचा वाचनक्रम बदलून सर्व जीवांकडे बुद्धत्व असते याऐवजी सर्व अस्तित्व हेच बुद्धत्व होय असा अर्थ मांडला. 'उजी' या प्रकरणात काळ आणि अस्तित्व वेगळे नाहीत, असे प्रतिपादन आहे. विसाव्या शतकातील तत्त्वज्ञांनी या प्रकरणाची तुलना युरोपीय तत्त्वचिंतनाशी केली आहे.

१२४० मधील 'राइहाई तोकुझुई' या प्रकरणात त्यांनी ज्ञानी स्त्रीला गुरू मानण्यास नकार देणाऱ्या भिक्खूंवर आणि स्त्रियांना प्रवेशबंदी असलेल्या पवित्र स्थळांच्या प्रथेवर कठोर टीका केली. उत्तरायुष्यात मात्र गृहस्थजीवनापेक्षा संन्यासालाच त्यांनी अधिक महत्त्व दिले. सुरुवातीच्या लेखनात सर्वांना खुला केलेला मार्ग पुढे त्यांनी भिक्खूंपुरता मर्यादित केला का, हा अभ्यासकांमध्ये वादाचा विषय आहे. इतर झेन शाखांवर, विशेषतः दाहुई या चिनी गुरूंवर, त्यांनी केलेली टीकाही काहींना अतिरेकी वाटते. झेनमध्ये गुरू-शिष्य संवादांच्या कोड्यासारख्या प्रसंगांना 'कोआन' म्हणतात. दोगेन कोआनच्या विरोधात होते हा समज मात्र बरोबर नाही. त्यांनी स्वतः ३०० कोआनांचा संग्रह केला होता आणि त्यांच्या लेखनात त्यांचे विवेचन सर्वत्र आढळते.

ग्रंथसंपदा

शोबोगेन्झो : 'खऱ्या धर्मदृष्टीचा खजिना' असा या शीर्षकाचा अर्थ होतो. जपानी भाषेतील हा निबंधसंग्रह दोगेन यांनी दोन दशकांहून अधिक काळ लिहिला. त्याच्या ७५, १२ आणि ९५ प्रकरणांच्या आवृत्त्या प्रसिद्ध आहेत. १२३३ मधील 'गेंजोकोआन' हे त्यातील सर्वाधिक वाचले जाणारे प्रकरण क्युशू येथील एका गृहस्थ शिष्यासाठी लिहिले होते.
फुकान झाझेनगी : झाझेनच्या पद्धतीची पुस्तिका.
गाकुदो योजिनशू : साधकांनी लक्षात ठेवावयाचे मुद्दे.
एइहेइ शिंगी : 'तेन्झो क्योकुन'सह मठजीवनाच्या नियमांचे सहा निबंध, सतराव्या शतकात एकत्र प्रकाशित.
एइहेइ कोरोकु : चिनी भाषेतील प्रवचने व कविता, १० खंड.
होक्योकी : रुजिंग यांच्याशी झालेल्या संवादांची टिपणे.

यांशिवाय त्यांच्या जपानी 'वाका' प्रकारातील कविताही उपलब्ध आहेत. कादंबरीकार यासुनारी कावाबाता यांनी १९६८ मधील नोबेल व्याख्यानाची सुरुवात दोगेन यांच्या ऋतूंवरील कवितेने केली होती.

अखेरचे दिवस

१२५२ च्या सुमारास दोगेन यांची प्रकृती ढासळू लागली. १२५३ च्या आरंभी त्यांनी 'हाची दाइनिनगाकु' हे शेवटचे प्रकरण लिहिले. अल्पेच्छता, समाधान, एकांत अशा आठ गुणांवरील हे लेखन बुद्धांच्या महापरिनिर्वाणापूर्वीच्या अखेरच्या उपदेशावर आधारित आहे. शोबोगेन्झोची १०० प्रकरणे पूर्ण करण्याचा त्यांचा मानस अपुरा राहिला.

त्या वर्षी त्यांनी एइहेइ-जी मठाची सूत्रे एजो यांच्याकडे सोपवली. योशिशिगे यांच्या आग्रहावरून ते उपचारांसाठी क्योतो येथे गेले. काही आठवड्यांतच एका गृहस्थ शिष्याच्या घरी, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. एजो यांनी त्यांच्या अस्थी एइहेइ-जी येथे नेल्या. एजो पुढे सुमारे २७ वर्षे जगले आणि गुरूंच्या लेखनाच्या प्रती तयार करण्याचे काम त्यांनी चालू ठेवले. आपल्या हाती असलेला दोगेन यांच्या वाङ्मयाचा मोठा भाग त्यांच्या परिश्रमांमुळे टिकला आहे.

वारसा

दोगेन यांच्या हयातीत त्यांचा शिष्यवर्ग लहान होता. सोतो पंथाचा मोठा प्रसार त्यांच्या परंपरेतील चौथ्या पिढीतील केइझान यांच्या काळापासून ग्रामीण भागात झाला. एइहेइ-जी आणि केइझान यांनी स्थापलेला सोजी-जी हे या पंथाचे दोन प्रमुख मठ आहेत. जपानमध्ये या पंथाची सुमारे चौदा हजार मंदिरे आहेत.

शोबोगेन्झो मात्र अनेक शतके मठांच्या भांडारांतच राहिला. १७२२ मध्ये त्याच्या छपाईवर बंदी घालण्यात आली होती; अठराव्या शतकाच्या अखेरीस ती उठल्यावर मुद्रित आवृत्ती निघू लागली. मेंझान झुइहो (१६८३–१७६९) यांच्या संशोधनामुळे दोगेन यांच्या लेखनाचा अभ्यास नव्याने सुरू झाला. सम्राट मेइजी यांच्या काळात, १८७९ मध्ये, दोगेन यांना 'जोयो दाइशी' हा मरणोत्तर सन्मान देण्यात आला. १९२० च्या दशकात तत्त्वज्ञ तेत्सुरो वात्सुजी यांच्या लेखनामुळे पंथाबाहेरील वाचकांनाही त्यांच्या विचारांची ओळख झाली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शुनर्यु सुझुकी यांनी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे आणि ताइसेन देशिमारू यांनी फ्रान्समध्ये सोतो पद्धतीचे झाझेन शिकवले. या केंद्रांत येणारे बहुतेक लोक गृहस्थ होते. कोणत्याही विशेष पात्रतेची अट न घालता सर्वांसाठी लिहिलेल्या 'फुकान झाझेनगी'तील सूचनांच्या आधारेच आज जगभरातील अनेक नवशिके साधक पहिल्यांदा ध्यानाला बसतात.